भाकरीखाली काय होतं

ती. बाबा आणि आई,
सा. न.

हे फोनवर बोलले असते. पण फोनवर बाबा दोन वाक्यांत "बरं, आईला देतो" म्हणतात आणि आई "जेवलीस का"पासून सुरू करते. म्हणून पत्र.

बाबा, यंदाही १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनाला, शाळेनं तुम्हाला बोलावलंय, असं आई म्हणाली. मागच्या वर्षीच्या भाषणाचा व्हिडिओ मी तीनदा बघितला. आवाज अजून खणखणीत आहे. पण आबांनी तारा कधी तोडल्या हो? मी लहान होते तेव्हा तुमच्या भाषणात आबा भाकरी घेऊन जायचे. मी कॉलेजात गेले तोवर भाकरीखाली काडतुसं आली. मागच्या वर्षी थेट तारा तुटल्या आणि रझाकारांची, म्हणजे निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या हत्यारबंद टोळीची, जीप ओढ्यात गेली. या हिशेबानं अजून दोन वर्षांत आबा एकटेच नळदुर्ग घेतील.

रागावू नका. मला आबांनी नातीला म्हणून सांगितलेलं आठवतं, ते लिहिते. चुकलं तर दुरुस्त करा.

आबा तेव्हा बारा वर्षांचे. आपलं शिवार संपलं की निजामाची हद्द संपायची, पलीकडं बार्शी तालुका, म्हणजे इंग्रजांचा मुलूख. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला तो पलीकडं. अलीकडं निजामाचं नाणं हाली सिक्का, करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका आणि रात्री रझाकार येतील ही धास्ती. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरचा वकील, हे आबा असं सांगायचे की जणू शेजारच्या गल्लीतला माणूस. गावातल्या बायका-लेकरं कितीतरी रात्री हद्दीपलीकडच्या शेतात झोपली. निजामाविरुद्ध लढणाऱ्या स्टेट काँग्रेसचे कॅम्प सरहद्दीवर होते. त्या कॅम्पात बंदुकी होत्या, पण चूल सगळ्यांना पुरायची नाही. मग अलीकडच्या गावांतून भाकरी जायच्या. घरटी चार, कुणाच्या घरून सहा, वर ठेचा नाहीतर कांदा. आबा त्या फडक्यात बांधून गवताच्या भाऱ्यात खुपसायचे आणि म्हशीमागं चालल्यासारखे नाक्यापुढून जायचे. एकदा नाक्यावरच्या शिपायानं भारा खाली टाकायला लावला. भाकरीचा वास आला असणार. त्यानं दोन काढून घेतल्या आणि "जा" म्हणाला. आबा हे सांगताना दरवेळी हसायचे. म्हणायचे, "त्योबी उपाशीच हुता."

तुमच्या भाषणात हा शिपाई कधी आला नाही. मला तर सगळ्या गोष्टीत तोच आवडतो.

तुम्ही म्हणाल, पोरांना भाकरीत काय रस, त्यांना धडाधड पाहिजे. असेलही. पण स्वामी रामानंद तीर्थांनी हाक दिली, गोविंदभाई श्रॉफांनी बांधणी केली, हे त्यांना पुस्तकात मिळतंच. कॅम्पातली माणसं रोज काय खात होती, हे कुठल्या धड्यात नाही. ते सांगायला आपलंच घर आहे. आणि आबा स्वतः ह्यापेक्षा जास्त कधी बोलले नाहीत. कॅम्पातल्या लोकांना पेन्शन मिळू लागली तेव्हा सरपंच दाखल्याचा कागद घेऊन आले होते ना? आबा म्हणाले, भाकरी पोचवल्याचे पैसे घ्यायचे का? आणि हाच माणूस बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेला होता. पैशाची गरज नव्हती असं नाही.

निजामाविरुद्ध भारताची लष्करी कारवाई, म्हणजे पोलीस ॲक्शन, १३ सप्टेंबर १९४८ ला सुरू झाली. सोलापूरकडून फौज निघाली, पहिल्याच दिवशी नळदुर्ग पडलं, १७ तारखेला निजामानं हार मानली. आबांची गोष्ट इथं संपायची. तुमचंही भाषण इथंच संपतं, मग "भारत माता की जय" आणि खाऊवाटप.

आता आईशी बोलते. बाबा, तुम्हीही वाचा.

आई, आबा किराण्याची यादी उर्दूत लिहायचे, आठवतं? वाण्याला वाचता यायची नाही, मग तेच परत वाचून दाखवायचे. अक्षर इतकं सुरेख की मी लहानपणी ती चित्रं समजायचे. मी विचारलं, कुणी शिकवलं? म्हणाले, आमच्या मास्तरांनी. मास्तर कुठं आहेत? "गेले." कुठं गेले, विचारलं की आबा उठून बैलाला पाणी दाखवायला जायचे. बैल विकले तरी उठायचे.

मग आबांच्या शेवटच्या आजारपणात त्यांचं सगळं तूच केलंस, रात्री तूच जागलीस. पुढं एकदा शेंगा फोडताना तू मला म्हणालीस, "मास्तरांच्या दारात गर्दी जमली तवा आबा तिथं हुते, बाई." तेवढ्यात बाबा आत आले आणि तू शेंगांचं बोलायला लागलीस.

सतरा तारखेनंतर आपल्या भागात काय झालं, ते मी नंतर वाचलं. नेहरूंच्या सरकारनं पंडित सुंदरलाल यांची समिती त्याच वर्षी चौकशीला पाठवली होती. सगळ्यात जास्त सोसलेल्या चार जिल्ह्यांत तिनं उस्मानाबादचं नाव घातलं, म्हणजे आपल्याच धाराशिवचं. मारले गेलेले बहुतेक मुसलमान होते, आणि त्यांतले किती जण रझाकार नव्हते हे सांगायला मोठ्या अभ्यासाची गरज नाही. एका खेड्यातला उर्दूचा मास्तर कसला रझाकार? तो अहवाल कितीतरी वर्षं बंदच होता. आपल्या घरातही तसंच.

बाबा, रझाकारांनी केलं ते खोटं नाही. आजी वारेपर्यंत अंधार पडला की दाराला आधी आडणा लावायची, ते मी पाहिलंय. ते सांगाच. मी फक्त विचारतेय की आबा साठ-पासष्ट वर्षं ज्याच्याजवळ येऊन गप्प बसले, ते आपण जयजयकारानं का झाकतो? ते गर्दीत मागं उभे होते, की कुणी ओढून नेलं होतं, की नुसते बघायला गेले होते? मास्तरांनी त्यांना पाहिलं का? बारा वर्षांचं पोर ते. मला त्यांना दोष द्यायचा नाही. पण मला ते माहीत नाही, आणि आई, आता ते फक्त तुला माहीत आहे. तुझे गुडघे, तुझं बीपी, आणि मी इथं पुण्यात. भीती वाटते, म्हणून लिहिलं.

शाळेत हे सांगा असं म्हणत नाही. तिथं काय सांगायचं ते तुम्ही दोघं ठरवा. तारा मात्र काढा, बाबा. आणि शिपायाला घ्या.

मी सोळाला संध्याकाळी बार्शीवरून येते, सुट्टी टाकली आहे. मूग निघाले असतील तर नव्या मुगाचं वरण कर, आई, पातळ. जेवणं झाल्यावर ओसरीत बसू. बाबा झोपल्यावर मला एकटीला सांगू नकोस. त्यांच्यासमोर सांग. बाबा, तुम्ही त्या दिवशी मध्येच उठायचं नाही. बैलही नाहीत आता.

तुमची,
ताई