ग्वारानीचे ते शीर्षकपान

रविवारच्या पुरवणीतील ग्वारानी या दक्षिण अमेरिकेतील भाषेवरील लेखात कोश-व्याकरणाचे सारे श्रेय जेझुइट पाद्र्यांना दिले आहे, ते पटले नाही. जेझुइट पाद्री मोंतोया यांचा १६३९ साली माद्रिदमध्ये छापलेला कोश आणि पुढच्याच वर्षीचे व्याकरण हे मोठेच काम. (त्याच १६४० साली गोव्यात रायतूरला फादर स्टीफन्स यांचे कोकणी व्याकरण छापले गेले!) पण सांता मारिया ला मायोर या तिथल्या जेझुइट मिशनच्या वस्तीत १७२४ साली निघालेल्या ग्वारानी ग्रंथाचे शीर्षकपान पाहा. लेखक म्हणून नाव आहे निकोलास यापुग्वाय यांचे. ते स्वतः ग्वारानी, आपल्या लोकांचे नायक आणि संगीतकार. पाद्री रेस्तिवो यांचे नाव त्यानंतर येते, तेही ‘मार्गदर्शनाखाली’ एवढ्यापुरते. मिशनऱ्यांनीच छापलेल्या या नावाचा लेखात साधा उल्लेखही नसावा, याचे फार वाईट वाटले.

– एक वाचक, मडगाव