डोळाच थरथरतो तेव्हा

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तुझं ते क्वांटम यंत्र चित्र ओळखतं म्हणजे नक्की काय करतं?" मी घाईत काहीतरी सांगून फोन ठेवला. ते मनाला लागून राहिलं, म्हणून हे पत्र.

हाताने लिहिलेल्या एका अंकाचं चित्र घ्या: २८ गुणिले २८, म्हणजे ७८४ ठिपके. क्यूबिट म्हणजे क्वांटम यंत्रातला माहितीचा सर्वांत लहान घटक. दहा क्यूबिटांच्या स्थितीत १०२४ आकडे मावतात, म्हणजे अख्खं चित्र दहा क्यूबिटांत बसतं! या हिशेबानेच मला या कामाची ओढ लावली. पण चित्र आत भरायलाच शेकडो क्रिया लागतात. प्रत्येक क्रियेत शंभरात एक चूक धरली, तर नुसत्या शंभर क्रिया बिनचूक पार पडण्याची शक्यता जेमतेम ३७ टक्के उरते. म्हणून आम्ही चित्रच लहान करतो. सोळा ठिपके, चार क्यूबिट. रेघ उभी आहे की आडवी, एवढंच विचारायचं, आणि तेही हजारो वेळा, कारण एका मोजणीच्या उत्तरावर भरवसा ठेवता येत नाही.

आई, मोतीबिंदू काढण्याआधी तुला १ की ९ हे पटकन कळायचं नाही, आठवतं? इथेही तसंच आहे. चित्र स्वच्छ असतं, पाहणारा डोळाच थरथरतो. यंत्रातल्या या चुकांनाच आम्ही गोंगाट म्हणतो. अशा गोंगाटी यंत्रांच्या काळाला भौतिकशास्त्रज्ञ जॉन प्रेस्किल यांनी २०१८ मध्ये 'निस्क' (म्हणजे गोंगाटी, मध्यम आकाराची क्वांटम यंत्रं) असं नाव दिलं. आमची चिप निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ थंड ठेवलेली असते, तरी क्यूबिटची स्थिती डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आधी विस्कटते.

यावरचा मला सर्वांत आवडलेला उपाय सांगते. गोंगाट कमी करता येत नाही ना, मग तो मुद्दाम वाढवायचा! तेच गणित दुप्पट, तिप्पट गोंगाटात चालवायचं, उत्तरं आलेखावर मांडायची आणि रेघ मागे, शून्य गोंगाटापर्यंत ओढायची. तो अंदाजच असतो, कधी चुकतोही, पण पहिल्यांदा त्या रेघेच्या टोकाशी खरं उत्तर दिसलं तेव्हा मी बराच वेळ नुसती बघत बसले.

साधा कॉम्प्युटर हे अंक ९९ टक्क्यांहून जास्त अचूक ओळखतो, हे मला माहीत आहे. तरीही किती गोंगाटात आकृती तग धरते, हे मला शोधायचंच आहे.

बाबा, सोबत आलेखाचा कागद आहे. तीन बिंदू मांडलेत. रेघ तुम्ही ओढून ठेवा, आल्यावर पडताळू.

तुमची लेक