गिरणीच्या बाकड्यावर ज्ञानेश्वरी वाचणाऱ्या काकूंना

तीर्थस्वरूप काकूंना साष्टांग नमस्कार.

तुमच्यासमोर आभाराचा शब्द काढला की तुम्ही "माउलीचं आहे ते, माझं काय त्यात" म्हणून उठून जाता. म्हणून हे पत्र चारचौघांना वाचता येईल असं लिहितेय. आता तुम्ही लेकाकडं संभाजीनगरला असता. तिथं कुणीतरी वाचून दाखवेलच.

हे गेले त्या वर्षी मी देवाजवळ दिवा लावणं सोडलं. गिरणी मात्र बंद ठेवता येत नव्हती, दोन लेकरांच्या शाळा होत्या. तुम्ही ज्वारीचा डबा घेऊन यायचात. लाइट गेली की बाकीच्या बाया डबे ठेवून घरी जायच्या, तुम्ही बाकड्यावर बसून पिशवीतली ज्ञानेश्वरी काढायचात. "ये, ऐक" असं मला कधी म्हटलं नाहीत. मोठ्यानं वाचत राहायचात, एवढंच. पट्टा थांबलेला, पिठाचा वास, आणि तुमचा आवाज.

एक दिवस मीच चिडले. देवानं माझं काय ठेवलं, म्हणून त्याचं ऐकू, असं बोलून गेले. तुम्ही चष्मा काढलात आणि म्हणालात, "मग त्यालाच रागं भर की. जनी काय गप बसली व्हती का?"

काकू, मी गंगाखेडातच वाढले. जनाबाई आपल्या गावच्या, त्यांच्यासंगं विठ्ठल दळायला बसायचा, हे मला पाळण्यापासून माहीत. पण त्याच जनाबाईंनी त्याला "विठ्या" म्हणून शिव्याही घातल्या, तेही अभंगात, आणि तो अभंग लोक भक्तीनं गातात, याचा मी कधी विचारच केला नव्हता. त्या रात्री लेकरं झोपल्यावर मी देवाशी बोलले. नुसतं भांडण होतं ते. दुसऱ्या दिवशी परत बोलले. महिन्याभरानं एका रात्री भांडायला काही उरलं नाही, तरी मी देवापुढं बसून होते. माझी रोजची प्रार्थना अशी सुरू झाली.

मग तुम्ही वाचायला शिकवलंत. रोज पाच ओव्या, सहावी नाही. आधी गीतेचा श्लोक, मग ओवी तीनदा मोठ्यानं, मग आपल्याला काय कळलं ते वहीत, आणि त्यानंतरच खालचा अर्थ बघायचा. मला घाई होती. नऊ हजारांवर ओव्या, पाचाच्या हिशेबानं पाच वर्षं लागतील, असं मी म्हटलं. तुम्ही नववा अध्याय उघडून पहिली ओवी दाखवलीत. नुसतं अवधान द्या, मग सगळ्या सुखाला पात्र व्हाल, असं माउली श्रोत्यांना सांगतात. "किती झालं ते नाही इचारलं त्यांनी," तुम्ही म्हणालात. ते 'अवधान' मी गिरणीच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलंय. दळण जाडं पडतंय का बारीक, हे मी चिमटीत धरून बघते. ओवीही तशीच चिमटीत धरून बघायची, हे मला तुमच्यामुळं कळलं.

पैठणची गोष्टही तुमचीच. नाथ महाराजांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत शिरलेले चुकीचे पाठ काढून ग्रंथ शुद्ध केला. तेव्हा माउलींनी तो सांगून जवळजवळ तीनशे वर्षं झाली होती. पैठणवरून येते तीच गोदावरी आपल्या घाटाला लागते. घाटावर पाय धुताना आता मला ते आठवतं. कुणीतरी वर बसून एकेक ओवी निवडली, म्हणून आपल्याला खाली नितळ मिळाली.

आणि टाळ. भजनात पुढं बसायला मी कचरत होते. माझ्यासारखीनं मागंच बसावं, असं बोलणारे होते. तुम्ही कुणाशी वाद घातला नाहीत. स्वतःशेजारी जागा केलीत आणि तुमचा टाळ माझ्या हातात दिलात. आठ मात्रांचा भजनी ठेका माझ्या हातात बसायला दोन महिने लागले. हरिपाठाचे सगळे अभंग एका दमात म्हणताना मधेच ठेका सुटायचा, तेव्हा तुम्ही माझ्या गुडघ्यावर बोटानं मात्रा धरायचात. आजही ठेका चुकला की मला गुडघ्यावर तुमचं बोट जाणवतं. मृदंगाच्या डाव्या बाजूला लावायची कणीक माझ्या गिरणीच्या पिठाची असते, हे तुम्हीच एकदा सगळ्यांदेखत सांगितलंत. त्या दिवसापासून मी दळण सुरू करताना आधी हात जोडते.

हे गेल्याचं दुःख गेलं नाही, काकू. पण आता मी एकटीनं ते वागवत नाही.

अडीच वर्षं झाली, बारावा अध्याय लागलाय. सुरुवातीलाच माउली गुरूच्या कृपादृष्टीला आई म्हणून हाक मारतात. त्या पाच ओव्यांपाशी मी चार दिवस थांबले. वहीत अर्थ म्हणून फक्त तुमचं नाव लिहिलंय.

पुढच्या दोन ओव्या अडल्यात, त्यांच्यावर खूण करून ठेवलीय. काकड्याला कोजागरीपासून सुरुवात होईल, तेव्हा या. तुमच्या टाळाची दोरी झिजली होती, मी नवी घातलीय.

तुमची,
गिरणीवाली
गंगाखेड, जि. परभणी