गुणक चार की पाच?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातले समग्रलक्षी अर्थशास्त्राच्या त्या पुस्तकाचे परीक्षण वाचले. भाषा ओघवती, मांडणी सोपी, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी जरूर घ्यावे वगैरे. परीक्षणकर्त्यांनी प्रस्तावना आणि मलपृष्ठ अगदी मन लावून वाचलेले दिसते. आणखी दीडशे पाने उलटली असती तर उपकार झाले असते.

माझी नात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे आणि तिला हेच पुस्तक लावले आहे. त्यात गुणकाचे, म्हणजे सुरुवातीच्या खर्चातून एकूण उत्पन्न किती पट वाढते त्या आकड्याचे, एक सोडवलेले उदाहरण आहे. सीमांत उपभोग प्रवृत्ती (वाढलेल्या प्रत्येक रुपयातला खर्च होणारा वाटा) ०.८, म्हणून गुणक ४! एकातून ०.८ गेले, उरले ०.२. एकाला ०.२ ने भागा, ५ येतात. यासाठी माझ्यासारखी तीस वर्षे बँकेत काढायला नकोत. नातीने अंतर्गत परीक्षेत ५ लिहिले, त्यावर लाल फुली. विचारायला गेली तर, "पुस्तकात काय दिलंय ते बघ." दोन गुण गेले. गुणांचे मला काही नाही (खरे तर आहे), पण पोर आता विचारते, "आजोबा, चार लिहू की पाच?" मी म्हणतो पाच. सूनबाई म्हणतात, पास व्हायचंय ना, मग चार लिही. जेवायला बसलो की हाच विषय.

प्रकाशकांना पत्र टाकले. पोचपावती आली, उत्तर नाही. नंतर 'सुधारित आवृत्ती' निघाली. गुणक चारच, किंमत तेवढी सुधारली. १ जानेवारी २०१५ ला योजना आयोगाच्या जागी नीती आयोग आला, या पुस्तकात योजना आयोग अजून जोरात कामाला आहे.

आणि सोपे म्हणजे काय हो? माझे वडील गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते. पगाराच्या दिवशी ते आधी किराणावाल्याची उधारी भागवायचे. तो त्यातून ठोक व्यापाऱ्याचे देणे द्यायचा, व्यापारी हमालाचे, आणि हमाल संध्याकाळी कोपऱ्यावरच्या हॉटेलात भजी खायचा. एकाचा खर्च ती दुसऱ्याची कमाई. प्रत्येकाने शंभरातले वीस गाठीला ठेवून ऐंशी पुढे सरकवले, तर मूळ शंभराचे सगळ्यांचे मिळून पाचशे होतात. झाला गुणक. इथली लक्ष्मी-विष्णू गिरणी बंद पडली तेव्हा हेच चाक उलटे फिरले. आधी कामगार घरी बसले, मग त्यांच्यामागे शिंपी, खानावळवाले, सायकल दुरुस्तीवाले. अर्थशास्त्रज्ञ केन्सने १९३६ साली पुस्तकात मांडले ते आमच्या गल्लीने डोळ्यांनी पाहिले. या पुस्तकात मात्र गुंतवणूक होते ती 'अ' नावाच्या देशात.

भाव किती चढले ते दाखवणाऱ्या निर्देशांकाचीही तीच गत. औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकासाठी ज्या शहरांतून भाव गोळा होतात, त्यांत सोलापूर आहे. आम्हा बँकवाल्यांचा महागाई भत्ता याच निर्देशांकावर ठरायचा, म्हणून आकडा लागला की सगळी शाखा कागद-पेन घेऊन बसायची. सोलापूरच्या मुलांना ते सांगायचे सोडून 'क्ष' वस्तू आणि 'य' वस्तू! ज्वारी आणि तूरडाळ लिहिले असते तर शाई जास्त लागली असती का?

भावावरून आठवले. आपण बाजार समितीतले कांद्याचे भाव रोज छापायचे का बंद केले? त्या जागी आता राशिभविष्य दुप्पट मोठे येते. नातीला चलनवाढ शिकवायला मला ते कात्रण बरे पडायचे. वृषभ राशीचा धनलाभ काय कामाचा?

असो. परीक्षणकर्ते जाणकार आहेत, त्यांच्याविषयी आदर आहेच. त्यांनी गुणकाचे ते उदाहरण एकदा स्वतः सोडवावे आणि येईल ते उत्तर आपल्याच अंकात छापावे. जमल्यास येत्या सोमवारच्या आत. मंगळवारी नातीचा पेपर आहे.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
भवानी पेठ, सोलापूर