भाऊजींच्या प्रश्नाचं उत्तर

लेस्टर, इंग्लंड,
९ मार्च २०२५

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

सावंतवाडीला तुमच्या पडवीत रविवारी वाड्यावरच्या मुलांना पुस्तकं वाचून दाखवायचं तू मनावर घेतलंयस, हे कळून फार बरं वाटलं. भाऊजींचं म्हणणंही पोचलं. शाळा आहे, मास्तर पगार घेतात, मग तुम्हाला हा फुकटचा उपद्व्याप कुणी सांगितलाय? फोनवर याचं उत्तर देत बसले की दोन वाक्यांत ते मला हसवतात आणि मुद्दा राहून जातो, म्हणून लिहायला बसले. प्रश्न काही वावगा नाही. इथल्या प्राथमिक शाळेत मी मुलांचं वाचन ऐकायला जायला लागले, तेव्हा आमच्या घरातही हेच विचारून झालं होतं, जरा गोडीगुलाबीने.

आधी एक सांगते, यात मास्तरांवर ठपका ठेवायचा नाही. गोव्यात आपल्यासारख्या खेड्यांतून सरकारी प्राथमिक शाळांची काय अवस्था आहे ते तुला ठाऊकच आहे. पटावर मूठभर पोरं आणि सगळ्या इयत्ता मिळून एकच बाई. पहिलीला पाटीवर ‘ग’ गिरवायला लावायचा, तोवर चौथीचा भागाकार, त्यात मध्यान्ह आहार, त्यात वरून आलेली माहिती भरून पाठवायची. एकेका मुलाला शेजारी बसवून त्याची अख्खी गोष्ट, मध्ये घाई न करता, ऐकायला त्या बाईंनी वेळ आणायचा कुठून? आणि वाचन तर असं की कुणी नीट ऐकून घेतलं तरच ते मुलाच्या जिभेवर बसतं.

जानेवारीत ‘असर’चा, म्हणजे खेड्यांतल्या मुलांना किती वाचता येतं ते पाहणाऱ्या पाहणीचा, अहवाल आला, तो भाऊजींनी पेपरात पाहिला असेलच. ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत पाचवीच्या ४४.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. कोरोनाच्या बंदीनंतर, २०२२ साली, हा आकडा ३८.५ होता. म्हणजे गाडी पुढे सरकली आहे, पण अर्ध्याहून जास्त पोरं अजून मागेच आहेत. आणि हे मोजतं कोण? तेही स्वयंसेवकच. २००५ पासून ही मंडळी गावोगाव दारोदार जातात, मुलाला घरातच समोर बसवतात आणि हातात कागद देऊन वाच म्हणतात. या लोकांनी हा उपद्व्याप केला नसता, तर पोरं शाळेत जातात म्हणजे शिकतात, असंच आपण सगळे धरून चाललो असतो.

इथे विलायतेत सगळं आबादीआबाद असेल असं समजू नकोस. इथे दुखणं वेगळं. अक्षरं बहुतेकांना येतात, पुस्तकं पायलीला पन्नास, पण उघडायची इच्छा नाही. नॅशनल लिटरसी ट्रस्ट या इथल्या वाचन-प्रसार संस्थेने गेल्या वर्षी, २०२४ साली, ८ ते १८ वयाच्या मुलांना विचारलं, तर रिकाम्या वेळात वाचायला आवडतं म्हणणारी मुलं ३४.६ टक्के. २००५ पासून ते हे विचारताहेत, त्यातला हा तोवरचा सगळ्यात खालचा आकडा. परवाच्या गुरुवारी इथे पुस्तकदिन होता. पोरं गोष्टींतल्या पात्रांची सोंगं घेऊन शाळेत आली होती. आयांनी रात्र रात्र जागून शेपट्या शिवलेल्या, आणि त्यातल्या निम्म्या पोरांनी ते पुस्तक उघडलेलंही नसावं असा मला दाट संशय आहे. असो. पण इथल्या लोकांची शिस्त घेण्यासारखी आहे. मुलांचं वाचन ऐकायला शाळांतून स्वयंसेवक पाठवण्याचं काम इथे १९७३ पासून चालू आहे. सरकारी नोंदी तपासून तुमच्या नावावर काही गुन्हा नाही अशी खात्री झाल्याशिवाय मुलांजवळ बसू देत नाहीत. शिवाय माणूस नेमून दिलेला. या आठवड्यात मी आणि पुढच्या आठवड्यात दुसरंच कुणी, असं नाही.

आता मुद्द्याचं. डिसेंबरात मी गोव्यात डिचोलीला आले होते तेव्हा काकी मला शनिवारी संध्याकाळी देवळाच्या अग्रशाळेत, यात्रेकरू उतरतात तिथे, घेऊन गेली. जत्रेची भांडी ठेवतात ना, त्या खोलीबाहेरच्या ओसरीवर दोन चटया, पत्र्याच्या दोन ट्रंका आणि एक वही. ट्रंकांत गोष्टींची पुस्तकं. कित्येकांच्या पाठी चिकटपट्टीने सांधलेल्या. तीन माणसं हे सगळं चालवतात. पोस्टातून निवृत्त झालेले एक काका, साखळीच्या कॉलेजात शिकणारी एक मुलगी आणि काजूच्या कारखान्यात बिया सोलायला जाणारी एक बाई.

काकांच्या पुढ्यात एक मुलगा बसला होता, असेल तिसरीतला. बाप बांधकामावर, घरात कानडी, रस्त्यावर कोंकणी आणि शाळेत मराठी. तळ्यातून बाहेरच न येणाऱ्या म्हशीची गोष्ट वाचत होता. ‘शेतकऱ्याने’पाशी गाडं अडलं. ‘क’ आला, पण ‘ऱ्या’ काही फुटेना. मागून दोन मुलींनी ओरडून सांगायला तोंड उघडलं, तर काकांनी नुसता तळवा वर केला. स्वतः काही बोलले नाहीत. बोटही ठेवलं नाही. चष्म्यावरून मुलाकडे न बघता पुस्तकाकडे बघत राहिले. मी तर मनातल्या मनात तो शब्द त्याच्यासाठी उच्चारून मोकळी झाले होते. मुलाने चित्राकडे पाहिलं, डोकं खाजवलं, पुन्हा ओळीच्या सुरुवातीला गेला आणि सबंध ओळ एका दमात वाचली. शाबासकी वगैरे काही नाही. काका एवढंच म्हणाले, “मग? आली काय ती भायर?” पोराने पान उलटलं. गोष्ट संपल्यावर तेच पुस्तक घेऊन तो खांबाजवळ गेला आणि धाकट्या बहिणीला कानडीत सांगायला लागला. त्याच्या हातवाऱ्यांवरून दिसत होतं की त्याची म्हैस तळ्यात नाही, मुकादमाच्या ट्रकमध्ये चढून बसली आहे. काका ऐकत होते. दुरुस्त करायला गेले नाहीत.

परत येताना मी त्यांना भाऊजींचाच प्रश्न विचारला. (तेव्हा भाऊजींनी तो विचारला नव्हता, पण तो हवेत असतोच.) ते म्हणाले, “माझी अर्धी नोकरी लोकांची पत्रां वाचून देण्यात गेली. मुंबयहून झिलाचं पत्र यायचं, आवय मनिऑर्डरीवर अंगठा उठवायची आणि पत्र माझ्याच हातात द्यायची. चार लोकांच्या देखत मी तिच्या घरची गोष्ट मोठ्यान वाचायची. तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.” मी पुढे काही विचारलं नाही.

कॉलेजातल्या मुलीने सरळ सांगितलं की तिला प्रमाणपत्र हवं आहे, पुढे बी.एड. करायचं आहे. यात वाईट काय? प्रमाणपत्रासाठी आलेली मुलगी शनिवार चुकवत नाही, हे माझ्या लेखी समाजसेवेवर भाषण ठोकणाऱ्यापेक्षा मोठं. पण तिघांत मला भावली ती काजूवाली बाई. शाळा चौथीपर्यंत. आली होती आपल्या मुलीला सोडायला. थांबली, बसली, आणि आता मुलांबरोबर तीही एकेक अक्षर लावत वाचते. तिचं अडलं की मुलं तिला सांगतात आणि सांगताना अशी काही फुलतात! बोटांवर चिकाचे काळे डाग आहेत म्हणून पुस्तक धरायच्या आधी ती हात पुन्हा पुन्हा पदराला पुसते.

भाऊजींना आणखी एक सांग. गोव्यात हा उपद्व्याप आजचा नाही. पोर्तुगीज अमदानीत सरकारी शाळा पोर्तुगीजची. मराठी शिकायचं तर देवळात नाहीतर कुणाच्या तरी सोप्यावर, आणि पंतोजींचं पोट गावाने सांभाळायचं. पणजीची मुष्टिफंड संस्था १९०८ सालची. घराघरातून मूठ मूठ तांदूळ गोळा करून लोकांनी शाळा चालवली. आपले आजोबा ज्या शाळेत शिकले, तीही गावाने पोसलेलीच ना? मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारने गावोगाव प्राथमिक शाळा काढल्या, म्हणून तुला-मला फारसं काही न करता अक्षर मिळालं, आणि हे काम सरकारचं असं आपल्या डोक्यात बसलं.

राजधानीत सोयी आहेत. पाटोवरचं कृष्णदास शामा ग्रंथालय १८३२ पासूनचं, पण सत्तरी तालुक्यातल्या मुलाने दर शनिवारी पणजीला जायचं कसं? म्हणून पुस्तकांनीच उठून मुलांकडे जायला हवं. पणजीची ‘बुकवर्म’ संस्था २००५ पासून हेच करते आहे. स्वतःचं वाचनालय तर आहेच, शिवाय शाळांतून आणि वस्त्यांवर पुस्तकं घेऊन त्यांची माणसं जातात. कधी पणजीला गेलीस तर त्यांची पुस्तकांची निवड बघून ये, म्हणजे मुलांसाठी पुस्तक निवडणं हे केवढं काम आहे ते कळेल.

निवडीवरून आठवलं. तू पुस्तकं गोळा करते आहेस अशी बातमी फुटली की लोक घर साफ करायला काढतील. अग्रशाळेत देणगी म्हणून दहावीची गाइडं, शेअर बाजारावरचं एक जाडजूड पुस्तक आणि कोऱ्या पानांच्या जुन्या डायऱ्या आल्या होत्या. डायऱ्या ठेव, बाकीचं गोड बोलून परत कर. मोठी अक्षरं, भरपूर चित्रं आणि थोडा मजकूर असलेली पुस्तकं आधी घे. चित्रांचीच, शब्द नसलेलीही चालतील. न वाचता येणारं मूल त्यांच्यापासून सुरुवात करतं आणि त्याला कमीपणा वाटत नाही. ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट मिळतात, कोंकणीही आहेत. त्या छापून, शिवून घेता येतात. बालभारतीचा ‘किशोर’ १९७१ पासून निघतो आणि त्याचे जुने अंक नेटवर वाचायला ठेवले आहेत. ते जरा मोठ्या मुलांना दे.

आया येऊन विचारतील, “अभ्यास पण घेता ना?” तिथे मान डोलावलीस की संपलं. महिन्याभरात पडवीची शिकवणी होईल, मुलं दप्तरं घेऊन येतील आणि ट्रंक उघडणारच नाही. परीक्षा घ्यायची नाही, बक्षीस ठेवायचं नाही, कोणतं पुस्तक घ्यायचं ते मुलाने ठरवायचं, आणि एकच पुस्तक दहादा मागितलं तर दहादा द्यायचं. पुस्तकं फाटणार, हरवणार, त्याचा हिशेब मनात आधीच करून ठेव. बसायचं पडवीतच, रस्त्यावरून दिसेल असं. आतल्या खोलीत एकटं मूल घेऊन कुणीही बसायचं नाही, मग तो माणूस कितीही ओळखीचा असो.

आणि जमत असेल तरच सुरू कर. हे जरा तोंडावर बोलते आहे, पण दर रविवार तुला मोडता येणार नाही. लग्नं, बारशी, चतुर्थी, सगळं आधी बघून ठेव. पावसात पडवीत झड येते, तेव्हा कुठे बसणार हेही आत्ताच ठरव. उत्साहाने चार रविवार बोलावून पाचव्याला दाराला कुलूप, असं होणार असेल तर न बोलावलेलं बरं. पुस्तक छातीशी धरून मूल पायरीवर बसून राहतं गं. डिचोलीत एकदा काका आजारी आणि मुलीची परीक्षा असं झालं, तेव्हा काजूवाल्या बाईने एकटीने अग्रशाळा उघडली. स्वतःला वाचताना अडखळायला होतं तरी! तुझ्या जोडीला अशी आणखी दोन माणसं हवीत. शेजारच्या काकूंना विचार, त्यांचा आवाज चांगला आहे, आणि त्यांना दुपार खायला उठते असं तूच म्हणाली होतीस.

काकीशी बोलले आहे. ट्रंकेत ज्यांच्या दोन-दोन प्रती आहेत ती पुस्तकं ती बांधून ठेवते आणि डिचोलीहून सावंतवाडीला येणाऱ्या बसच्या कंडक्टरकडे देते. तो आपल्याच गावचा आहे. स्टँडवर कुणाला तरी पाठव. परत द्यायची घाई नाही, पण वहीत नोंद मात्र करा.

आत्यांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी