इंग्रजी पत्रव्यवहार पाठ करून येत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विद्यापीठांत शिकवल्या जाणाऱ्या 'बिझनेस कम्युनिकेशन' या विषयाबद्दल लिहायचे आहे. मी एका कंपनीत परदेशी ग्राहकांचा पत्रव्यवहार सांभाळते. नव्याने रुजू झालेल्या मुलामुलींची पत्रे बाहेर जाण्याआधी माझ्या नजरेखालून जातात.

मागे एका मुलीने ईमेलचा मसुदा आणला. माल दहा दिवस उशिरा पोचणार, एवढेच कळवायचे होते. विषयाच्या ओळीत नुसते 'अर्जंट'. मग 'विथ रेफरन्स टू द अबव्ह', 'हियरविथ', 'काइंडली डू द नीडफुल' अशी रांग, आणि नवी तारीख तिसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी. व्याकरणाची चूक एकही नव्हती. या विषयात तिला वर्गात सर्वांत जास्त गुण होते. मी विचारले, "वाचणाऱ्याला आधी काय हवं असेल?" ती जरा थांबली आणि म्हणाली, "तारीख." मग तिनेच ती पहिल्या वाक्यात आणली. महिना मी अक्षरांत लिहायला सांगितला, कारण ०५/०६ म्हणजे ब्रिटनमध्ये ५ जून आणि अमेरिकेत ६ मे. पाच ओळींत पत्र संपले. वीस मिनिटे लागली. अख्ख्या पदवीच्या काळात एवढे तिच्याकडून कोणी करून घेतले नव्हते, याचे मला फार वाईट वाटले.

मग करून काय घेतले होते? संवादाच्या व्याख्या, सात 'सी' (क्लिअर, कन्साइज असे इंग्रजी 'सी'ने सुरू होणारे चांगल्या संवादाचे सात गुण), अडथळ्यांचे प्रकार आणि बाणांची ती आकृती: पाठवणारा, माध्यम, गोंगाट, घेणारा. या आकृतीचे मूळ अमेरिकी गणितज्ञ आणि अभियंते क्लॉड शॅनन यांच्या १९४८ सालच्या शोधनिबंधात आहे. संदेश एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला बिनचूक कसा न्यावा, हा त्यांचा अभियांत्रिकी प्रश्न होता. संदेशाच्या अर्थाशी या प्रश्नाचा संबंध नाही, हे त्यांनी तिथेच लिहून ठेवले आहे. ती आकृती काढली की गुण मिळतात. फोन उचलून दोन मिनिटे बोलायला मात्र एकही गुण नाही.

बोलण्याची तर त्याहून आबाळ. फोनवर सांगितलेली पंधरा खोकी आमच्याकडे पन्नास म्हणून नोंदली गेली आहेत. 'फिफ्टीन' सुटा उच्चारला तर जोर शेवटी येतो, 'फिफ्टी'त सुरुवातीला. मराठीत अशा जोराने शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपल्या कानाला त्याची सवयच नसते. ही सवय वर्गात मोठ्याने बोलून, ऐकूनच लागते. शिवाय शंका आली की "वन-फाइव्ह की फाइव्ह-झिरो?" असे विचारून घ्यायचे असते, हेही मुलांना कोणी सांगत नाही. पुन्हा विचारले तर आपले इंग्रजी कच्चे ठरेल, या भीतीने ती गप्प बसतात. अनुभवी माणसे तर आकडा नेहमीच पुन्हा विचारून पक्का करतात.

प्राध्यापकांना मी दोष देत नाही. भरगच्च वर्गात प्रत्येकाचे पत्र तपासून पुन्हा लिहून घेणे एकट्याला झेपणारे नाही. पण विज्ञान शाखेत प्रात्यक्षिकांसाठी वर्गाच्या तुकड्या पाडतात, तशा इथेही पाडता येतील. लेखी कामात पहिला मसुदा दुरुस्तीच्या खुणांसह परत द्यावा आणि गुण दुसऱ्या मसुद्याला द्यावेत. निम्मे गुण तोंडी परीक्षेला असावेत, आणि ती समोरासमोर बसून पाठांतर म्हणून दाखवण्याची नको. परीक्षकाने दुसऱ्या खोलीतून फोन करावा, मागणीचा आकडा, तारीख आणि एखादी तक्रार सांगावी. विद्यार्थ्याने लागेल तिथे पुन्हा विचारावे, फोन ठेवावा आणि ठरले ते चार ओळींत लिहून पाठवावे.

आपली,
एक वाचक