आजीच्या रेडिओतला ७४

नाशिक, १९ एप्रिल

प्रिय सुध्या,

आठ महिने पत्र नाही की फोन नाही, त्याबद्दल ज्या काय शिव्या घालायच्या त्या आधी घालून घे. तब्येत ठीक. शुगर आहे तिथेच आहे. आता मुद्द्यावर येतो, नाहीतर धीर सुटेल.

आजीच्या रेडिओतला ७४ गेला. माझ्याच हातून गेला.

घरात सांगितलं तर ही म्हणाली, "दुसरा घाला की, दहा रुपयांचा तर असेल." मंग्याला सांगितलं तर त्याने विचारलं, ७४ म्हणजे काय. ७४ गेनचा, म्हणजे करंट ७४ पट वाढवणारा आपला जर्मेनियम ट्रान्झिस्टर, हे त्याला कुठून ठाऊक असणार! म्हणून तुला लिहितोय. जेवण झाल्यावर वाच.

झालं असं, की अथर्व आपला फझ, गिटारचा आवाज खरखरीत करणारं ते पेडल, मे महिन्यात वाजवायला मागत होता. मी म्हटलं, घेऊन जा, पण संध्याकाळी सातच्या आत लावू नकोस. आपल्या पेडलला एप्रिल सोसत नाही हे तुला माहीत आहेच. जानेवारीत सकाळी आतल्या दोनपैकी दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरच्या पायावर ४.६ व्होल्ट होते, वहीत लिहून ठेवलंय. परवा दुपारी दोनला, गच्चीखालच्या खोलीत, तेच ६.८. नोट लावली की आधी फस्स, मग तुटक-तुटक, शेवटी घसा बसल्यासारखी मरायची. अथर्व म्हणाला, "काका, असाच आवाज पाहिजे." आजची पोरं!

कारण जुनंच, पण या वेळी आकडा मांडून बघितला आणि इतकी वर्षं आपण तो मांडला नव्हता याची लाज वाटली. पहिल्याच्या, म्हणजे ७४ च्या, कलेक्टरला ३३के, म्हणजे ३३ हजार ओहमचा रेझिस्टर. सप्लाय नऊ व्होल्ट, कलेक्टर बसतो पाऊण व्होल्टाच्या आसपास. म्हणजे त्या ३३के मधून जास्तीत जास्त पाव मिलिअँप जाणार. वहीत ७४ ची गळती, म्हणजे बेसचा पाय मोकळा असतानाही झिरपणारा करंट, ८१ मायक्रोअँप आहे, २५ अंशांना. जर्मेनियमची गळती दर दहा अंशांना साधारण दुप्पट होते, म्हणजे चाळीस अंशांना जवळजवळ २३०. पाव मिलिअँपमधले २३० मायक्रोअँप नुसते गळतीनेच खाल्ले! मग बेसला करंटची गरजच उरत नाही. १००के मधून येणारा फीडबॅक ढिला पडतो, दुसऱ्याच्या एमिटरचा व्होल्टेज खाली येतो, त्याचा करंट आटतो आणि कलेक्टर सप्लायकडे चढत जातो. दोष दुसऱ्यात दिसतो, पण असतो पहिल्यात. तू २००३ मध्ये दुसरा बदल, दुसरा बदल म्हणून माझं डोकं खाल्लं होतंस, तेव्हा तू चूक होतास. हे लेखी देतोय, जपून ठेव.

उपाय सोपा होता. दुसऱ्याच्या कलेक्टरचा ८.२के काढायचा, त्या जागी ४.७के आणि त्याला सिरीजमध्ये १०के चा प्रीसेट, पेचकसाने फिरवायचा तो छोटा रेझिस्टर. करंट आटला तर रेझिस्टन्स वाढवून कलेक्टर पुन्हा साडेचारावर आणायचा. प्रीसेटऐवजी बाहेर पॉट, म्हणजे हाताने फिरवायचं बटण, काढला तर अथर्वला स्टेजवरच फिरवता येईल, पण मग तो मुद्दाम घसा बसवूनच वाजवेल. म्हणून प्रीसेट, आतच.

इथवर सगळं बरोबर चाललं होतं. पेडल उघडलंच आहे म्हणून २२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मोजला, तर ९ भरला. फझ गेली दोन वर्षं पातळ का लागत होता ते तिथे कळलं. तोही बदलला आणि इनपुटचा २.२ ही बदलला. दिशा तपासूनच बसवले, कारण आपला पॉझिटिव्ह अर्थ, बॅटरीचा प्लस अर्थला. २२ चा प्लस अर्थला, मायनस फझच्या पॉटच्या मधल्या पायाला. २.२ चा मायनस बेसकडे. हल्लीची पोरं एनपीएनचा, म्हणजे मायनस अर्थवाल्या ट्रान्झिस्टरचा, नकाशा बघून आपल्यासारखा पीएनपी बांधतात, कपॅसिटर उलटे बसतात, आणि सहा महिन्यांनी म्हणतात की जर्मेनियमच वाईट.

मग मला हुशारी सुचली. म्हटलं, ट्रान्झिस्टर सॉकेटमध्ये घालू. आयसी बेसची गोल पिनांची पट्टी घेतली, तीन-तीन पिनांचे दोन तुकडे केले. ७४ चा डाख सोडवताना मगर-क्लिप लावली होती, उष्णता ट्रान्झिस्टरच्या डबीपर्यंत जाऊ नये म्हणून. क्लिप जड होती. बोर्ड कलता झाला, क्लिप आपल्या वजनाने फिरली आणि मधला पाय बुडाच्या काचेपाशी तुटला. अगदी बुडापाशी. टक् असा आवाज आला, सुध्या. पंख्याच्या घरघरीतही ऐकू आला.

जुनाट पाय, दोनदा वाकवलेले, एकदा तू पक्कडने पिळलेले (नाकबूल करू नकोस). तसे ते तुटणारच होते. पाय वाकवायचाच तर बुडापासून तीन-चार मिलिमीटर सोडून, चिमट्याने बुडाकडची बाजू धरून वाकवायचा, हे मीच सगळ्यांना सांगत फिरतो.

तुटलेला पाय काचेतून खरवडून वर काढायचा प्रयत्न केला. शिवणाची सुई, भिंग आणि श्वास धरून. टोक दिसलं, त्यावर फ्लक्स लावून वायरची एक तार टेकवली, डाख बसला. मोजायच्या जिगवर लावला तर गळती मिनिटागणिक चढत होती. काचेला तडा गेला होता. हवा आत गेली की संपलं. आता तो देवघरात आहे. हसू नकोस, दुसरीकडे ठेवला तर ही झाडूने उडवेल.

आता खरी पंचाईत. दोन दिवस शोधतोय. भद्रकालीतल्या भंगारवाल्यांकडे जुन्या रेडिओंचे बोर्ड मिळाले, त्यातून नऊ एसी१२८ जर्मेनियम ट्रान्झिस्टर निघाले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मंग्याने आणखी आठ आणले, त्यातले तीन नुसत्या छपाईवरूनच संशयास्पद: अक्षरं ताजी, डबी घासलेली. एकूण सतरा. सगळे आपल्या जुन्या पद्धतीने मोजले. नऊ व्होल्ट, एमिटर प्लसला, कलेक्टरपासून मायनसपर्यंत २.२के आणि २७० ओहम सिरीजमध्ये, म्हणजे २४७०. बेस मोकळा ठेवून रेझिस्टरवरचा व्होल्टेज घ्यायचा, ती गळती. मग २.२ मेगच्या रेझिस्टरमधून बेस मायनसला जोडायचा, चार मायक्रोअँप जातात. दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा, गुणिले शंभर, तो खरा गेन. ७४ चे आकडे होते ०.२० आणि ०.९४. अजून पाठ आहेत.

सतरातल्या एकाने बेस जोडल्यावर २.१० दाखवले. अथर्व उड्या मारायला लागला, "काका, २१० गेन!" बेस मोकळा केला तर १.५०. गेन साठ, बाकी सगळी गळती. मल्टिमीटरच्या एचएफईच्या, म्हणजे गेन मोजायच्या, भोकात घालून ट्रान्झिस्टर विकत घेणारे लोक याच सापळ्यात सापडतात, कारण मीटर गळतीलाही गेनच समजतो. शिवाय बोटात धरून मोजायचं नाही. बोटाच्या उबेने आकडा चढतो, चिमट्याने लावून दोन-तीन मिनिटं थांबावं लागतं. भर दुपारी तर थांबूनही उपयोग नाही, म्हणून मी पहाटे साडेपाचला उठून मोजतोय. ही म्हणते, योगासनांना कधी उठला नाहीत.

सतरातून शंभर मायक्रोअँपच्या आत बसले दोन. एकाचा गेन ४५, एकाचा १३०. ४५ लावला तर गिटारचा व्हॉल्यूम कमी केल्यावर छान स्वच्छ होतो, पण पूर्ण उघडला तरी गुरगुरतच नाही, नुसता कुरकुरतो. १३० लावला की दुसऱ्या जागच्या ११८ बरोबर मिळून दोघं भांडतात. सगळं एकदम चिरकं, आणि व्हॉल्यूम खाली घेतला तरी स्वच्छ होत नाही. पहिल्या जागी सत्तर-ऐंशी आणि दुसऱ्या जागी सव्वाशेच्या आसपास, हे लोक उगाच म्हणत नाहीत.

शेवटी, तुला आवडेल म्हणून सांगतो, सिलिकॉन लावून बघितला. पहिल्या जागी बीसी५५७. दुसऱ्याचा कलेक्टर एकदम २.९ वर आला, कारण सिलिकॉनचा बेस-एमिटर ०.६ च्या वर, दुसऱ्यातून करंट जास्त. प्रीसेट जवळजवळ तळाला नेला, सव्वा के उरला, तेव्हा साडेचार मिळाले. आणि मग दुपारी दोन काय, रात्री दहा काय, आकडा फारसा हलला नाही. बेस-कलेक्टरमध्ये १०० पिकोफॅरड लावेपर्यंत मधूनच रेडिओवरची कुठली तरी बाई बातम्या देत होती, पण तो सिलिकॉनचा स्वभाव. म्हणजे २००३ मधलं तुझं म्हणणं, की जर्मेनियम ही अंधश्रद्धा आहे आणि कान बांधून दोन्हींतला फरक ओळखून दाखव, ते निम्मं खरं ठरलं. पूर्ण उघडल्यावर मला ओळखता आलं नाही. गिटारचा व्हॉल्यूम सहावर आणला आणि लगेच ओळखलं. ७४ वर तो सहा नंबर म्हणजे ओल्या मातीत पाय पडावा तसा होता. बीसी५५७ वर फरशी आहे. स्वच्छ फरशी, पण फरशीच.

तू म्हणशील, अथर्वला बीसी५५७ देऊन मोकळा हो. दिला आहेच. त्याच्या बोर्डात आधी ट्यूनर होता, तो फझच्या नंतर टाकायला लावला, कारण ट्यूनरमधला बफर, सिग्नलला जोर देणारं सर्किट, मध्ये आला की आपल्या फझची सगळी गंमत जाते, त्याला गिटारचा पिकअप थेट लागतो. आणि त्या एकाच अॅडॅप्टरवरून सगळी पेडलं जोडायचा हट्ट होता, तोही मोडला. बाकी सगळ्यांचा मायनस अर्थ, आपला प्लस. जॅकच्या जाळीतून दोन्ही एक झाले की अॅडॅप्टर सरळ शॉर्ट. बॅटरीच लाव म्हटलं. सर्किट पाऊण मिलिअँप खातं, एलईडी त्याच्या दुप्पट. वाजवून झाल्यावर इनपुटची वायर काढलीस तर बॅटरी वर्षभर जाईल. तो वायर काढणार नाही, हे तुला आणि मला दोघांना माहीत आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. रेडिओतली जोडी होती. एक ७४, एक ८१. बंगलोरला जाताना भांडून तू ८१ घेऊन गेलास, "अर्धा रेडिओ माझा" म्हणत. अख्खा तुझाच होता, आजी तुझी होती. त्या बिचाऱ्या शेवटपर्यंत सेल बदलत राहिल्या आणि आपण दोघं मान खाली घालून बसायचो, ते मला अजून आठवलं की घशाशी येतं. वहीत ८१ चे आकडे ०.२२ आणि १.०३ आहेत, म्हणजे गळती ८९. ७४ च्या जागी बसू शकेल असा माझ्या माहितीत तो एकच.

तो मला दे असं म्हणत नाही. आधी मोज. अजून जिवंत आहे का बघ. कॅमेऱ्याच्या रोलच्या काळ्या डबीत होता, कापसात. कापूस ओल धरतो, पाय काळे पडले असतील. ते ब्लेडने खरवडू नकोस, खोडरबराने पूस. सकाळी मोज, तिकडे हवा गार असते. मोकळा बेस ०.३० च्या आत असेल तर मला फोन कर, रात्री बारा वाजता केलास तरी चालेल. त्याच्या वर असेल तरी कर, पण मग आवाज हळू ठेव.

पाठवायचा झाला तर तिन्ही पाय थर्माकोलमध्ये सरळ टोचून, वरून दुसरा तुकडा. पाय वाकवायचे नाहीत, गुंडाळायचे नाहीत. कुरियरवाल्याच्या हाती मात्र नको. तू दिवाळीला येशील तेव्हा खिशातून आण. तोवर बीसी५५७ आहे, आणि तोवर एप्रिलही संपेल.

तुझी बदली झाली की नाही, ते कळव. काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं असं उडत उडत ऐकलं, नीट दिसतं ना आता? सईच्या बारावीचं काय? पेढे मागायचेत. इकडे मिसळीच्या ठिकाणी आपल्या खांबाजवळचं टेबल काढून टाकलंय, तिथे फ्रीज आला. बाकी भेटीत.

तुझाच,
नंद्या

ता. क. ४७० चा रेझिस्टर काढून १के लावलाय. आउटपुट त्या टोकावरूनच जातं, त्यामुळे सिग्नल जवळजवळ दुप्पट झाला. तू हे पहिल्या दिवसापासून सांगत होतास. अथर्वला मी माझीच कल्पना म्हणून सांगितलंय, तू आलास की खोडू नकोस.

ता. क. २. रोलच्या त्या डबीच्या बुडाला आतून माझं नाव आहे, कंपासच्या टोकाने कोरलेलं. बघ.